चिठ्ठी आधी कोणी काढायची? अवलंबी घटनांची संभाव्यता, ट्री डायग्राम काढून

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगसाठी चिठ्ठ्या टाकायची वेळ आली, की गणिताचा एक प्रश्न हमखास निघतो. फक्त तो गणिताचा आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. समजा जागा दोन आणि अर्ज पाच. स्टीलच्या डब्यात पाच चिठ्ठ्या, दोनवर ‘जागा’ लिहिलेलं, तीन कोऱ्या. पहिली चिठ्ठी कोणी काढायची यावरून आवाज चढतात. एक म्हणतो, आधी काढणाऱ्याचा फायदा, दोन्ही जागा अजून डब्यात असतात. दुसरा म्हणतो, उलट मागे थांबावं, तोवर कोऱ्या चिठ्ठ्या निघून गेलेल्या असतात. सेक्रेटरी फ्लॅट नंबरप्रमाणे क्रम लावून मोकळा होतो आणि वरच्या मजल्यावरचे लोक नाराज होऊन बसतात.

दोघांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. एक चिठ्ठी बाहेर गेली की डबा पहिल्यासारखा राहत नाही, म्हणून पुढच्याची शक्यता बदलते. आधीच्या निकालावर पुढच्याची शक्यता अशी ठरत असेल, तर त्या अवलंबी घटना. पण एवढ्यावरून कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा हे तोंडी ठरवता येत नाही. त्यासाठी अर्धं पान आणि पेन्सिल लागते. फांद्या फुटत जाणाऱ्या या आकृतीला ट्री डायग्राम किंवा नुसतं झाड म्हणतात. चिठ्ठ्यांचा निकाल लावण्याआधी ही आकृती काढायची कशी, ते आंब्यांवर बघू.

दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात नाणी, फासे आणि पत्त्यांचा कॅट भेटतो. नाणं दुसऱ्यांदा उडवलं तर पहिल्या वेळचं काही त्याच्या लक्षात नसतं. छाप येण्याची शक्यता पुन्हा १/२च. पेटीतल्या हापूसचं तसं नाही. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून पेटी आणली, त्यातले डझनभर आंबे पिकले. हापूसमध्ये साका नावाचा दोष असतो. फळ बाहेरून निर्दोष, रंग-वास चोख, पण कापल्यावर आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा. म्हणजे फळ निवडून घेता येत नाही, हाताला येईल ते कापायचं. आपल्या उदाहरणासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे, खाणाऱ्यासाठी नसली तरी.

धरून चालू, १२ आंब्यांपैकी ३ साक्याचे आहेत. जेवणानंतर दोन आंबे कापायचे आहेत. दोन्ही चांगले निघण्याची शक्यता किती?

वही आडवी धरा. डाव्या कडेला मधोमध एक ठिपका द्या. हा ठिपका म्हणजे अजून एकही आंबा कापलेला नाही अशी पेटी. त्यातून उजवीकडे दोन रेघा काढा, एक वर जाणारी, एक खाली जाणारी. वरच्या रेघेच्या टोकाला ‘चांगला’ लिहा, खालच्या टोकाला ‘साका’. आकडा रेघेवर लिहायचा, टोकाला नाही. वरच्या रेघेवर ९/१२, खालच्या रेघेवर ३/१२. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं.

आता वरच्या टोकावर, ‘चांगला’ या शब्दावर बोट ठेवा आणि थांबा. तुम्ही आता सुरुवातीच्या पेटीसमोर नाही. एक चांगला आंबा कापून झालाय, पेटीत ११ उरलेत. त्यांतले चांगले ८, साक्याचे ३. म्हणून या टोकातून निघणाऱ्या दोन रेघांवर ८/११ आणि ३/११. मग बोट खालच्या टोकावर न्या. इथे वेगळीच पेटी आहे. साक्याचा आंबा गेलाय, उरलेत तेही ११च, पण चांगले अजून ९ आणि साक्याचे २. या रेघांवर ९/११ आणि २/११. टोकावर बोट ठेवून उरलेला माल मोजणं हीच सगळी युक्ती आहे. जे चुकतं ते इथेच चुकतं, कारण घाईत माणूस दोन्ही टोकांवर तेच आकडे उतरवून टाकतो.

आकृतीला आता चार शेवटची टोकं आहेत. प्रत्येक टोकापर्यंत जाणाऱ्या वाटेवरचे अपूर्णांक गुणायचे आणि गुणाकार उजव्या कडेला लिहायचा:

चांगला, चांगला: ९/१२ × ८/११ = ७२/१३२
चांगला, साका: ९/१२ × ३/११ = २७/१३२
साका, चांगला: ३/१२ × ९/११ = २७/१३२
साका, साका: ३/१२ × २/११ = ६/१३२

गुणाकार का? वाटतं तितकं गूढ नाही. अशा १३२ पेट्या आहेत असं समजा, सगळ्यांत तेच ९ आणि ३. पहिला आंबा कापल्यावर साधारण ९९ पेट्यांत तो चांगला निघेल, कारण १३२चे ९/१२ म्हणजे ९९. त्या ९९ पेट्यांपैकी ८/११ पेट्यांत, म्हणजे ७२ पेट्यांत, दुसराही चांगला निघेल. एका हिश्श्याचा हिस्सा काढायचा म्हणून गुणाकार.

उत्तर ७२/१३२, म्हणजे ६/११, साधारण ५४.५ टक्के. कोणी दोन्ही वेळा ९/१२ धरून गुणलं तर ९/१६ येतं, म्हणजे ५६.२५ टक्के. फरक दोन टक्क्यांच्या आतबाहेर आहे, म्हणून डोळ्याला खटकत नाही. हीच या चुकीची पंचाईत आहे, उत्तर चुकलं तरी पटण्यासारखं दिसतं.

‘नेमका एक साक्याचा’ हवा असेल तर मधल्या दोन्ही वाटा चालतात. दोन वाटा एकदम घडू शकत नाहीत, म्हणून त्यांची बेरीज: २७ + २७, म्हणजे ५४/१३२, सुमारे ४१ टक्के. वाटेवरून पुढे जाताना गुणाकार, टोकं गोळा करताना बेरीज. यात उलटसुलट झालं तर बहुधा एकाहून मोठा अपूर्णांक समोर येतो किंवा हास्यास्पद लहान, त्यामुळे निदान चूक कळते तरी.

तपासणी दोन ठिकाणी करावी. एका ठिपक्यातून निघणाऱ्या रेघांवरची बेरीज १ यायला हवी: ९/१२ + ३/१२, ८/११ + ३/११, ९/११ + २/११. आणि शेवटच्या सगळ्या टोकांची बेरीजही १: ७२ + २७ + २७ + ६ = १३२. हे डोळ्यांनी चटकन दिसावं म्हणून अपूर्णांकांना मध्येच संक्षिप्त रूप देऊ नका. शाळेत लागलेली सवय इथे आड येते. ९/१२ चं ३/४ केलं की सुरुवातीला पेटीत किती आंबे होते ही माहिती आकृतीतून पुसली जाते आणि पुढच्या रेघेवर ११ का आले हे लिहिणाऱ्यालाच कळेनासं होतं. भाग देऊन लहान करायचं ते अगदी शेवटच्या ओळीत.

या आकृतीवरून अवलंबी घटना ओळखायची खूणही मिळते, आणि ती व्याख्या पाठ करण्यापेक्षा खात्रीची आहे. वरच्या टोकातून ‘चांगला’कडे जाणाऱ्या रेघेवर ८/११ आहे, खालच्या टोकातून ‘चांगला’कडे जाणाऱ्या रेघेवर ९/११. आकडे वेगळे, म्हणून घटना अवलंबी. दोन्ही ठिकाणी एकच आकडा आला असता तर घटना स्वतंत्र. अकरावी-बारावीच्या पुस्तकात ‘अमुक घडलेलं असताना तमुक घडण्याची संभाव्यता’ म्हणून जी सशर्त संभाव्यता येते, जिच्यात दोन अक्षरांच्या मध्ये उभी रेघ असते, ती म्हणजे दुसऱ्या पातळीवरच्या रेघेवर लिहिलेला हाच आकडा. मुलं त्या उभ्या रेघेला बिचकतात, पण तिरक्या रेघेवर तोच आकडा न अडखळता लिहितात.

एक शंका नेहमी येते. ‘दोन आंबे एकदमच उचलले तर?’ काहीही फरक पडत नाही. एकदम उचललेल्या दोघांना मनातल्या मनात डाव्या हातातला पहिला आणि उजव्या हातातला दुसरा म्हणा. डाव्या हातातला आंबा त्याच वेळी उजव्या हातात असू शकत नाही, त्यामुळे उजव्यासाठी ११च उरतात. ‘एकाच वेळी’ हे शब्द वाचून स्वतंत्र घटना धरणारे बरेच असतात. स्वतंत्रपणा वेळेवर ठरत नाही. काढलेली वस्तू परत टाकली का, एवढंच बघायचं.

आता चिठ्ठ्या.

पहिल्याची शक्यता उघड आहे: २/५. दुसऱ्यासाठी झाड काढा. पहिल्याला जागा मिळाली (२/५) तर डब्यात चार चिठ्ठ्या आणि त्यात एकच जागा, म्हणून दुसऱ्याला १/४. पहिल्याची कोरी निघाली (३/५) तर चारांत दोन जागा, म्हणून २/४. दुसऱ्याला जागा मिळण्याच्या वाटा दोन: २/५ × १/४ = २/२०, आणि ३/५ × २/४ = ६/२०. बेरीज ८/२०, म्हणजे परत २/५!

तिसऱ्यासाठी आकृती आणखी एक पायरी वाढवायची. पहिल्या दोघांना दोन्ही जागा गेल्या असतील तर तिसऱ्याच्या रेघेवर शून्य. शून्याची रेघही काढावी, गाळू नये. गाळली की त्या ठिपक्यातल्या रेघांची बेरीज जुळते की नाही हे बघता येत नाही. बाकीच्या वाटा:

मिळाली, कोरी, मिळाली: २/५ × ३/४ × १/३ = ६/६०
कोरी, मिळाली, मिळाली: ३/५ × २/४ × १/३ = ६/६०
कोरी, कोरी, मिळाली: ३/५ × २/४ × २/३ = १२/६०

एकूण २४/६०, म्हणजे २/५. चौथा आणि पाचवा काढून बघा, तेच येईल. पहिल्या नंबरचा फायदा नाही, शेवटच्याचाही नाही. सभेतले दोघेही एकेक वाट धरून बसले होते. ‘मागे थांबावं’ म्हणणाऱ्याला कोरी निघण्याची वाट दिसत होती, ‘आधी काढावी’ म्हणणाऱ्याला जागा निघून जाण्याची. दोन्ही वाटांचं वजन घालून बेरीज केली की नफा-तोटा एकमेकांना खाऊन टाकतो.

मग पहिल्याने जागा काढल्यावर दुसऱ्याचा चेहरा पडतो तो उगाच का? उगाच नाही. पहिली चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडली आणि तिच्यावर ‘जागा’ निघालं की दुसरा झाडाच्या मुळाशी राहिलेला नसतो, वरच्या टोकावर येऊन उभा असतो. तिथून त्याच्यासाठी १/४ हाच आकडा खरा. सभा सुरू होताना २/५ खरं होतं, आता १/४ खरं आहे. ‘शक्यता किती’ या प्रश्नाला ‘तुम्हाला आत्ता काय काय माहीत आहे’ हे जोडल्याशिवाय उत्तर नसतं. संभाव्यतेवरचे निम्मे वाद यातूनच होतात.

याची उलटी बाजू आणखी गमतीची आहे. समजा पहिल्याने चिठ्ठी काढून न उघडता खिशात ठेवली. दुसऱ्याने काढली, उघडली, जागा मिळाली. आता पहिल्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर ‘जागा’ असण्याची शक्यता किती? बहुतेक जण २/५ म्हणतात. चिठ्ठी आधीच काढून झाली आहे, नंतरच्या माणसाचा तिच्यावर काय परिणाम होणार? परिणाम काहीच नाही, पण माहिती वाढली. दुसऱ्याला जागा मिळाल्याच्या वाटा दोनच, वजन २/२० आणि ६/२०. त्यांत पहिल्यालाही मिळालेली वाट २/२०ची. म्हणून २ भागिले ८, म्हणजे १/४. अवलंबी घटना म्हटलं की एकीमुळे दुसरी घडते असं वाटतं, तसं असायलाच हवं असं नाही. एकीची खबर दुसरीबद्दल काही सांगत असेल तर त्या अवलंबी.

आतापर्यंत सगळीकडे डब्यातून काहीतरी कमी होत होतं. रोजच्या व्यवहारात मात्र बरेचदा काहीच कमी न होता घटना अवलंबी असतात. डोंबिवलीहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला ऑफिसला जाणाऱ्याचं घ्या. मेन लाइनची लोकल वेळेवर आली तर पूल चढून दहा नंबरवर पोहोचायला वेळ मिळतो आणि ठरलेली गाडी बहुतेक सापडते. लोकल उशिरा आली तर ती सापडणं अवघड. आकडे समजण्यापुरते घेऊ: १०० कामाच्या दिवसांत ७० दिवस लोकल वेळेवर, ३० दिवस उशिरा. वेळेवर आलेल्या ७० दिवसांपैकी ६३ दिवस पुढची गाडी मिळते, ७ दिवस पुलावरच्या गर्दीत सुटते. उशिराच्या ३० दिवसांपैकी १२ दिवस मिळते, १८ दिवस सुटते.

इथे अपूर्णांकांऐवजी रेघांवर सरळ दिवस लिहा: ७० आणि ३०, मग ६३ आणि ७, १२ आणि १८. गुणाकार आपोआप झालेले असतात आणि चूक करायला जागाच कमी उरते. टक्केवारीत अडखळणाऱ्या माणसाला समजवायचं असेल तर याहून चांगली पद्धत नाही.

गाडी मिळते ६३ + १२ = ७५ दिवस. सुटते २५ दिवस. आता ऑफिसात उशिरा पोहोचल्यावर साहेब विचारतात, ‘रोज लोकललाच उशीर होतो का?’ याचं उत्तर २५ दिवसांत शोधायचं, १००मध्ये नाही. सुटलेल्या २५ दिवसांपैकी लोकल उशिरा असलेले १८. म्हणजे १८/२५, ७२ टक्के. बाकीचे ७ दिवस लोकलवर ढकलता येणार नाहीत.

या ठिकाणी दोन आकड्यांची गल्लत फार होते. लोकलला उशीर झालेला असताना पुढची गाडी सुटण्याची शक्यता १८/३०, म्हणजे ६० टक्के. पुढची गाडी सुटलेली असताना लोकलला उशीर झालेला असण्याची शक्यता १८/२५, म्हणजे ७२ टक्के. वर १८ दोन्हीकडे, खालचा आकडा वेगळा. पहिला झाडाच्या रेघेवरून थेट वाचता येतो. दुसऱ्यासाठी टोकांकडून मागे यावं लागतं. मागे येण्याच्या या रीतीला थॉमस बेझ यांचं नाव आहे, त्यांचा निबंध त्यांच्या निधनानंतर १७६३ साली छापला गेला. सूत्र म्हणून ते बोजड दिसतं, पण दिवस लिहिलेल्या झाडावर ते एवढंच आहे: ज्या टोकांवर गाडी सुटली ती सगळी गोळा करा आणि त्यांतली किती वरच्या फांदीची, किती खालच्या फांदीची ते मोजा.

जून ते सप्टेंबरात हे झाड जसंच्या तसं वापरू नये. जोराच्या पावसात मेन लाइनही रखडते आणि ट्रान्स-हार्बरही. ठरलेली गाडीच वीस मिनिटं उशिरा निघाली तर उशिरा पोहोचलेल्यालाही ती सापडते, म्हणजे खालच्या फांदीवरचे आकडेच बदलतात. अशा वेळी ‘पाऊस’ आणि ‘उघडीप’ ही पहिली पायरी घालायची आणि बाकीचं झाड दोन्ही फांद्यांवर वेगवेगळ्या आकड्यांनी पुन्हा काढायचं.

सगळ्या वाटांची लांबी सारखी असायला हवी, अशीही एक समजूत असते. वॉचमनच्या जुडग्यात एकसारख्या दिसणाऱ्या पाच चाव्या आहेत, गच्चीच्या कुलपाला त्यांतली एकच लागते. चावी लागली की वाट तिथेच संपते, पुढे काढायचं काही नाही. नाही लागली तरच फांदी पुढे जाते. तिसऱ्या चावीला कुलूप उघडण्याची शक्यता ४/५ × ३/४ × १/३ = १/५. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्यालाही १/५च. गुणाकारात वरचे-खालचे आकडे एकमेकांना उडवतात ते बघायला मजा येते. चार चुकल्यावर पाचवी लागण्याची शक्यता १, तरी तीसुद्धा फिरवून बघावी लागते हा भाग वेगळा. सरासरी तीन चाव्यांत काम होतं.

पण अंधारात कोणती चावी लावून झाली हे लक्षात राहिलं नाही आणि दर वेळी जुडग्यातून कोणतीही एक पकडली, तर चुकीची चावी पुन्हा हातात येऊ शकते. मग दर वेळी १/५ आणि ४/५, घटना स्वतंत्र. आता सरासरी पाच प्रयत्न लागतात आणि पाच वेळा करूनही कुलूप न उघडण्याची शक्यता ४/५ चा पाचवा घात, जवळजवळ ३३ टक्के. लावून झालेली चावी बोटात वेगळी धरणं म्हणजे स्वतंत्र घटनांना अवलंबी करणं. वॉचमन ते कोणी न शिकवता करतो.

‘निदान एक’ असे शब्द प्रश्नात दिसले की बहुतेक वेळा झाडाची एकच वाट पुरते. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात बाहेरून २० बेअरिंगचा खोका आलाय आणि त्यात २ सदोष आहेत असं धरू. तपासनीस कोणतेही ३ काढून बघतो. निदान एक सदोष हाताला लागण्याच्या वाटा बऱ्याच आहेत, पण एकही न लागण्याची वाट एकच: चांगलं, चांगलं, चांगलं. तिचा गुणाकार १८/२० × १७/१९ × १६/१८ = ४८९६/६८४०, म्हणजे ७१.६ टक्के. ते १००मधून वजा केलं की २८.४ टक्के. थोडक्यात, दहातला एक माल खराब असलेला खोका तीन नगांच्या तपासणीतून दहापैकी सात वेळा बिनबोभाट पास होतो. बऱ्याच जणांना हा आकडा पटत नाही, पण तो असाच आहे.

दर वेळी १८/२०च धरलं असतं तर ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ७२.९ टक्के आलं असतं. तीन नगांत फरक किरकोळ. दहा नग तपासले तर? खरा आकडा २३.७ टक्के, स्वतंत्र धरून येतो ३४.९ टक्के. आणि वीसच्या वीस तपासले तर स्वतंत्र धरणाऱ्याचं गणित सांगतं, की सदोष नग निसटण्याची अजून १२ टक्के शक्यता आहे! खोका रिकामा झाला, प्रत्येक नग हातातून गेला, आणि तरी निसटला. इतकं टोकाला नेल्यावरच चूक डोळ्यांत भरते.

याउलट २००० नगांची लॉट असेल आणि त्यात २०० सदोष, तर तीन नग चांगले निघण्याची शक्यता १८००/२००० × १७९९/१९९९ × १७९८/१९९८, म्हणजे ७२.८९ टक्के. स्वतंत्र धरून ७२.९०. इथे अवलंबीपणाकडे काणाडोळा केला तर कोणी चूक म्हणणार नाही. साधारण ठोकताळा असा, की एकूण मालाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी नमुना काढत असाल तर स्वतंत्र धरून चालतं. काही जण जास्त काटेकोर राहून विसावा हिस्सा धरतात.

वर दहा नगांसाठी २३.७ टक्के लिहिलं, ते झाड काढून नाही. दहा पायऱ्यांच्या झाडाला दर पायरीला दोन फांद्या धरल्या तर १०२४ टोकं होतात, वहीत मावत नाहीत. अशा वेळी झाड कोणाचं काढतोय ते बदलून बघावं. वीस बेअरिंग एका रांगेत ठेवली आहेत, पहिली दहा तपासायची, उरलेली दहा नाहीत. आता प्रत्येक तपासणीची पायरी करण्याऐवजी फक्त दोन सदोष नगांची पायरी करा. पहिला सदोष नग रांगेत कुठे आहे? न तपासलेल्या भागात असण्याची शक्यता १०/२०. तो तिथे असेल तर दुसऱ्यासाठी १९ जागा उरल्या, त्यांतल्या न तपासलेल्या ९. म्हणून १०/२० × ९/१९ = ९०/३८०, म्हणजे २३.७ टक्के. दहा पायऱ्यांचं काम दोन पायऱ्यांत. तीन नगांच्या तपासणीला हीच रीत लावा: १७/२० × १६/१९ = २७२/३८०, पुन्हा ७१.६ टक्के.

पार्किंगच्या वादालाही हा धागा लागू पडतो. माणसांनी चिठ्ठ्या काढल्या असं न म्हणता दोन ‘जागा’ पाच माणसांपाशी जाऊन पडल्या असं म्हटलं, तर प्रत्येक माणूस त्या दोघींना सारखाच. पाचांपैकी दोन, २/५, एकही रेघ न काढता.

मात्र हे सगळे आकडे एका गृहीतावर उभे आहेत: उरलेल्यांपैकी कोणतीही वस्तू हाताला लागण्याची शक्यता सारखी आहे. पेटीत वरच्या थराला निवडक फळ लावलेलं असेल आणि आपण वरूनच दोन उचलले, तर ९/१२ लिहिण्यात अर्थ नाही. तपासनिसाने खोका उघडून समोरच्या कोपऱ्यातले तीन काढले, तर ७१.६ हा आकडा त्याच्या खोक्याचा नाही. आणि चिठ्ठ्यांत ‘जागा’ लिहिलेल्या दोन जाड कागदाच्या असल्या किंवा शेवटी टाकल्यामुळे वरच राहिल्या, तर मग खरोखरच आधी काढणाऱ्याचा फायदा असतो. म्हणून पाचही चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, चार-चार घड्यांच्या करायच्या, झाकण लावून डबा उलटासुलटा हलवायचा, सगळ्यांनी एकेक काढून मुठीत ठेवायची आणि पाचवी निघाल्यावर एकदम उघडायच्या.